दुसरीच्या नावाला ओ

१

होबार्टच्या बायकांच्या कारखान्यात सकाळची घंटा झाली की आधी हजेरी, मग पेज. हा क्रम कधी बदलत नसे. पाऊस असो की डोंगरावरून बर्फाचा भुगा येवो, अंगणात रांगा लागल्याशिवाय कुणाच्या हातात वाडगं पडत नसे. नाव कारखान्याचं, पण तो तुरुंगच होता. इंग्लंडातून शिक्षा होऊन जहाजांनी या दूरच्या बेटावर आलेल्या बायका तिथे गावाचे कपडे धूत, जुने दोरखंड उसवत आणि शिक्षा सरायची वाट बघत. मागचा डोंगर इतका उभा होता की दुपारपर्यंत ऊन भिंतीच्या आत उतरत नसे.

हजेरी घेणाऱ्या कारकुनाचं नाव प्रिंगल. म्हातारा, चष्मा लावणारा, बारा महिने सर्दी झालेला. तो वहीतून मान वर काढत नसे. नाव वाचायचं, 'हजर' ऐकू आलं की पेन्सिलीने टिंब द्यायचं, पुढचं नाव घ्यायचं. तोंडं बघायची त्याला गरज वाटत नसे. तो म्हणे, तोंडं खोटं बोलतात, वही बोलत नाही.

जुडिथ हॉवर्थचा आकडा एक्केचाळीस. जहाजावर चढताना गळ्यात पत्र्याचा बिल्ला बांधला होता, त्यावरचाच आकडा पुढे वहीत उतरला होता.

"जुडिथ हॉवर्थ."

"हजर."

"फीबी लँबर्ट."

इथे कुणी बोलत नसे. प्रिंगल एक श्वास थांबे, नाक ओढी आणि पुढचं नाव घेई.

फीबी लँबर्ट सहा वर्षांपूर्वी जहाजावर मेली होती. तिला शिडाच्या कापडात शिवून समुद्रात सोडलेलं पन्नास बायकांनी पाहिलं होतं. पण जहाजाचा डॉक्टर बंदरात कागद देऊन परत गेला, त्या कागदांत तिच्या मरणाचा कागद नव्हता. तिच्या नावापुढची शेवटची नोंद 'हजर' अशीच होती. कागद येईपर्यंत नाव खोडायचं नाही, असा नियम. कागद काही आला नाही. नव्या बायका विचारत, ही कोण? जुन्या सांगत, ही कागदावरची बाई, हिला पेज लागत नाही.

त्या एका श्वासाची आपल्याला सवय झाली आहे, असं जुडिथ स्वतःला सांगे.

२

तिची सात वर्षांची शिक्षा संपायला सत्तेचाळीस दिवस उरले होते. ती मोजत होती, कारण तिला एक मुलगी होती.

एमा. जहाजावर आली तेव्हा दोन वर्षांची. धक्क्यावर उतरल्याच्या दिवशीच तिला नेऊन टेकडीवरच्या सरकारी अनाथशाळेत ठेवलं. आई जिवंत असलेली मुलंही तिथेच ठेवत. पुढे जुडिथला काही आठवडे एका घरी कामाला दिलं होतं. एका रविवारी न विचारता ती पाच मैल चालत गेली आणि शाळेच्या कुंपणाबाहेर उभी राहिली. त्याबद्दल तिला परत कारखान्यात आणलं, आणि तेव्हापासून ती धुलाईघरात होती. आता एमाला आठ पुरी होऊन नववं लागलं होतं. सुटलेल्या बाईला काम आणि डोक्यावर छप्पर असेल तर पोर परत मिळे. गावातल्या टकर नावाच्या विधवा परटिणीने जुडिथला माळ्यावरची खोली कबूल केली होती. तेव्हा सगळं ठरलेलं होतं. फक्त दिवस जायचे होते.

त्या सकाळी जुडिथचा घसा बसला होता. प्रिंगलने तिचं नाव घेतलं. तिने खाकरायला तोंड उघडलं.

"हजर," असा आवाज आला.

आवाज तिचा होता. बोल्टन गावात मागावर काम करणाऱ्या बायकांचा लांबट, नाकातला हेल. प्रिंगलने टिंब दिलं. फीबीचं नाव घेतलं, एक श्वास थांबला आणि पुढे गेला.

आपणच बोललो असणार, असं जुडिथने धरलं. तिच्यामागे मेग डंकन उभी असे. मेग स्कॉटलंडची, साठीची, तीनदा शिक्षा झालेली, तोंडाची फटकळ. पेज घेताना ती म्हणाली, "सुटायचे दिवस आले की बाईची जीभ पुढे पळते. पाय मागेच राहतात, जपून."

जुडिथ हसली. पण तिचा घसा दुपारपर्यंत बसलेलाच होता. मेगने काही विचारलं तर उत्तराला नुसती घरघर निघत होती.

३

दुसऱ्या दिवशी ती ओठ मिटून उभी राहिली. दातांत रुमालाचं टोक धरलं.

"जुडिथ हॉवर्थ."

"हजर."

तिने मान वळवली नाही. रांगेत मान वळवणारीची पेज बंद होते. पण आवाज कुठून आला ते तिला कळलं. तो तिच्या डाव्या हाताकडून आला होता. डावीकडे बेचाळिसाव्या आकड्याची, म्हणजे फीबीच्या नावाची फरशी. ती सहा वर्षं रिकामी होती.

तिने मेगला विचारलं, आज मी बोलले का? मेगने तिच्याकडे नीट बघितलं. तूच बोललीस, म्हणाली, असं नाकात दुसरं कोण बोलतं?

जुडिथ विचार करणारी बाई होती. धुलाईघरात वीस बायकांकडून काम करून घेणारीला डोकं ठिकाणावर ठेवावं लागतं. तिने स्वतःला समजावलं की सहा वर्षांची सवय आहे, तोंड आपोआप चालत असेल. दगडी भिंतीचा घुमाराही असेल. पण घुमारा बोलल्यानंतर येतो. आणि दातांत कापड धरून माणूस बोलत नाही.

चार दिवस तिने हेच केलं. चारही दिवस उत्तर आलं.

४

पाचव्या दिवशी ती रांगेत गेलीच नाही.

धुलाईघरात मोठ्या कढईमागे उभी राहिली. चुलाणं पेटलेलं होतं, वाफ कोंडली होती. सापडली असती तर अंधारकोठडीचे तीन दिवस आणि शिक्षेत महिन्याची वाढ. एमाला आणखी एक महिना. तरी ती गेली नाही, कारण तिला खरं काय ते कळायला हवं होतं.

बाहेर नावं चालू झाली. पायांची सळसळ, खोकले. अडतीस. एकोणचाळीस. चाळीस, मेरी हिग्ज, हजर.

"जुडिथ हॉवर्थ."

तिने कढईच्या काठाला हात धरला. काठ तापलेला होता, ते तिला नंतर कळलं.

"हजर."

स्पष्ट, जरा घाईचं, जसं ती रोज म्हणे तसं. मग प्रिंगलने फीबी लँबर्टचं नाव घेतलं आणि एक श्वास थांबला. मग पुढचं नाव.

कुणी तिला शोधायला आलं नाही. शोधायचं काही कारणच नव्हतं, हजेरी पूर्ण भरली होती.

सगळ्या पेजेकडे गेल्यावर ती आपल्या जागेपाशी गेली. रात्री पाऊस नव्हता, अंगण कोरडं होतं. तिच्या फरशीवर मात्र दोन ओली पावलं होती. अनवाणी, जवळजवळ ठेवलेली. तिने बोट लावून जिभेवर ठेवलं. खारट लागलं.

धुण्याचा सोडा असेल, असं तिने ठरवलं. हात दिवसभर सोड्यात असतात. मग तिच्या लक्षात आलं की आज अजून सोडा पाण्यात टाकलेला नाही.

मेगला तिने अर्धंच सांगितलं, की मी आज हजेरीला नव्हते. मेग खो खो हसली. म्हणाली, मला दे अशी एक, मी पांघरूण घेऊन पडते. जुडिथ हसली नाही. तिच्या मनात एकच होतं. उद्या आपण वर कोठीत तापाने पडलो, उठता आलं नाही, तर कुणालाही कळणार नाही. वहीत आपण हजर असू.

हे तिला दुसऱ्या बाजूने माहीत होतं.

५

जहाजावर सहा-सहा बायकांची पंगत असे. सहा जणींचं एक लाकडी भांडं, एक फळ्यांचा माचा, एक मुकादम. जुडिथ तिच्या पंगतीची मुकादम होती. जहाजाच्या डॉक्टरने पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं की ज्या पंगतीत आजार नाही, घाण नाही, तिच्या मुकादमबाईची आपण शिफारस लिहू. तिला पोरासकट चांगल्या घरी काम मिळेल. पोर तिच्याजवळ राहील.

फीबी लँबर्ट तिच्याच पंगतीत. वय एकोणीस. चौदा वर्षांची शिक्षा, मालकिणीचे चमचे चोरल्याबद्दल. एमा दोघींच्या मध्ये झोपे. चर्चच्या बायकांनी जहाजावर प्रत्येकीला गोधडीसाठी कापडाचे तुकडे दिले होते. फीबीने आपल्यातले चांगले तुकडे काढून एमाला टोपडं शिवलं. एमाला तिचं नाव नीट म्हणता येत नसे. ती तिला 'फी' म्हणे आणि फीबी लगेच ओ देई, हातातलं काम टाकून.

तिसऱ्या महिन्यात फीबीला हगवण लागली. सकाळी हजेरीला वर डेकवर जायचं, तर तिला बसताही येईना. आजारी कुणी असेल तर मुकादमबाईने सांगायचं, मग डॉक्टर खाली येई, बाईला दवाखान्याच्या कोपऱ्यात नेई आणि पंगतीच्या नावापुढे खूण करी. जुडिथने सांगितलं नाही. गर्दीत मागे उभी राहून आधी स्वतःच्या नावाला ओ दिली, मग आवाज बारीक करून फीबीच्या. डॉक्टरही वहीतून मान वर काढणारा नव्हता. सगळ्याच पंगती एखाद्या दिवशी असं करत. झोपाळू बाईसाठी, दारू प्यालेल्या बाईसाठी. त्यात कुणाला पाप वाटत नसे.

एक दिवस गेला, दुसरा गेला. फीबी म्हणाली, डॉक्टरला बोलव. जुडिथ म्हणाली, उद्या. एमाला तिने तिथून उचललं आणि दुसऱ्या टोकाला झोपवलं.

तिसऱ्या दिवशी वरून हजेरीचा गलबला ऐकू येत होता तेव्हा फीबी जागी असणार. जुडिथ खाली आली, तेव्हा तिने विचारलं, "मी हजर आहे म्हणून सांगितलंस?"

"हो."

"उद्या सांगू नकोस. माझ्या नावाला मीच ओ देईन."

चौथ्या दिवशी सकाळी ती गार झाली होती. जुडिथने तिच्या अंगावर गोधडी ओढली आणि वर गेली. आता न बोलावं तर कधीपासून आजारी होती, हे निघणार. तिने चौथ्यांदाही ओ दिली. मेलेल्या बाईच्या नावाला. नंतर अर्ध्या तासाने खाली जाऊन ओरडली.

डॉक्टर म्हणाला, कमाल आहे, सकाळी तर हजर होती.

शिफारस मिळाली. पण एमाला धक्क्यावरच काढून नेलं. शिफारस शिफारशीच्या जागी राहिली.

६

हे सगळं तिने महिन्याभराने मेगला सांगितलं, कपडे पिळताना, एका चादरीच्या दोन टोकांना दोघी असताना. मेगने आधी चादर पूर्ण पिळून घेतली.

"सांगितलं असतंस तर वाचली असती?"

"माहीत नाही."

"ते वाईट. माहीत असतं तर एकदा रडून मोकळी झाली असतीस." मेगने चादर झटकली. "प्रिंगलकडे जा. सांग की ती मेली, आणि मी काय केलं तेही सांग. तिचं नाव खोडून घे. एवढी वर्षं तिला रोज उभी करतायत, आणि तू शेजारी."

खरं होतं. नुसतं मेली म्हणून भागणार नव्हतं. कागदावर ती चौथ्या दिवशी हजर होती, तेव्हा ओ कुणी दिली ते सांगावं लागणार होतं. खोट्या हजेरीला सहा महिने होते. जुडिथचे आता नऊ दिवस उरले होते.

ती प्रिंगलच्या दारापर्यंत गेली. तो काही लिहीत होता. मान वर न काढता त्याने विचारलं, काय हवंय? तिने तोंड उघडलं. समोरच्या भिंतीवर चाव्या टांगलेल्या होत्या. तिला एमाचं तोंड आठवेना, फक्त टोपडं आठवलं.

"साबण संपलाय, साहेब," ती म्हणाली.

बाहेर येऊन तिने मेगला सांगितलं की उद्या सांगेन. मेगने तिच्याकडे बघितलं आणि बादली उचलून गेली.

त्या नऊ दिवसांत ती रोज रांगेत उभी राहिली आणि एकदाही बोलली नाही. उत्तर रोज आलं. दिवसागणिक आवाज जवळ येत होता. शेवटी शेवटी तो तिच्या कानाच्या पाळीपाशी होता, आणि गार होता.

७

सुटका हजेरीतच होई. ज्या बाईची शिक्षा संपली तिचं नाव घेऊन प्रिंगल 'मोकळी' म्हणे. ती ओ देऊन पुढे येई, कागद घेई आणि फाटकातून जाई. मागे वळून हात करायची मुभा होती.

त्या दिवशी जुडिथने ठरवलं होतं की नाव अर्धं असतानाच ओरडायचं. घसा साफ होता. सकाळपासून ती मनात तो एकच शब्द धरून होती. कपड्यांचं बोचकं पायाशी, त्यात एमासाठी शिवलेला झगा. मापं अंदाजाने घेतलेली.

"मेरी हिग्ज."

"हजर."

"जुडिथ हॉवर्थ, मोकळी."

तिने ओठ उघडले, आणि तिला जहाजावरचा तिसरा दिवस आठवला. माचा, उग्र वास, आणि वरच्या पायांच्या आवाजाकडे कान लावून पडलेली मुलगी. ती उठू पाहत असेल का? कुणी आपल्या नावाला ओ देतंय हे ऐकू येत असताना? हे जुडिथने सहा वर्षांत कधी स्वतःला विचारलं नव्हतं. तेवढ्यात अर्धा श्वास गेला.

"हजर."

डाव्या अंगाने कुणीतरी पुढे गेलं. खांद्याला खांदा घासला आणि जुडिथची बाही ओली झाली. समोर दिसली ती पाठ, कारखान्याचाच राखी झगा, तिचीच टोपी. झग्याचा घेर ओला होता आणि त्याच्या कडेला जाड दोऱ्याचे टाके होते, शिडाचं कापड शिवताना घालतात तसे. मानेवर सुतळी, सुतळीला पत्र्याचा बिल्ला. तो मागे पाठीवर फिरला होता. त्यावरचा बेचाळीस हा आकडा वाचता येत होता.

हात लांब केला असता तर झगा हातात आला असता. तिने हात उचललाही. पण ती पाठ क्षणभर थांबली, जसं कुणी मागून हाक मारेल म्हणून थांबावं. आणि जुडिथला कळेना की कोणत्या नावाने हाक मारायची.

प्रिंगलने मान वर न काढता कागद पुढे केला. एक हात पुढे आला. बोटांची टोकं सुरकुतलेली, पांढरी, फार वेळ पाण्यात राहिल्यासारखी. धोबिणीची असतात तशीच. फाटक उघडलं. त्या बाईने खाली वाकून बोचकं उचललं. जुडिथने पायाशी बघितलं तर तिथे काही नव्हतं.

मग ती धावली. फाटकवाल्याने तिला दंडाला धरून थांबवलं, रागाने नाही. ती म्हणाली, मी जुडिथ हॉवर्थ. तो म्हणाला, जुडिथ आत्ताच गेली, पोरीला आणायला चाललेय म्हणाली. मागे बायका हसल्या. जुडिथने मेगकडे पाहिलं. मेग हसत नव्हती. पण ओळखीचंही काही तिच्या डोळ्यांत नव्हतं. एखाद्या मुक्या बाईकडे बघावं तसं ती बघत होती.

प्रिंगलने नाक ओढलं. सगळ्या गप्प झाल्या. जुडिथ जिथे उभी होती तिथून मागे सरकली. पायाखाली बेचाळिसावी फरशी होती.

"फीबी लँबर्ट."

पेन्सिल वहीवर टेकलेली होती. तो एक श्वास थांबला.

जुडिथने फाटकाकडे बघितलं. ते बंद झालं होतं.

"हजर," ती म्हणाली.

प्रिंगलने टिंब दिलं. पहिल्यांदाच त्याने चष्म्यावरून वर बघितलं, पण तिच्याकडे नाही, आभाळाकडे. पाऊस येतोय का ते बघत होता.

८

फीबी लँबर्टची शिक्षा चौदा वर्षांची. त्यातली सात उरली होती.

मेग तिला आता फीबी म्हणते, चेष्टेने नाही. धुलाईघराचं मुकादमपण दुसरीला दिलं. जुडिथने पहिला महिना सगळ्यांना सांगून पाहिलं. मग सोडून दिलं. सांगायची वेळ केव्हा होती ते तिला ठाऊक होतं.

पुढच्या उन्हाळ्यात टकरबाईंचा गाडीवान त्यांच्याकडचे जास्तीचे कपडे धुवायला घेऊन आला. जुडिथने गाठोडी उतरवून घेता घेता सहज विचारल्यासारखं विचारलं, तुमच्याकडे माळ्यावर ती मायलेकरं राहतात ना?

राहतात की, गाडीवान म्हणाला. बाई कामाला चांगली. पोरीला डोळ्याआड होऊ देत नाही, तिच्यासाठी सारखी तुकड्यांच्या गोधड्या शिवत असते. फक्त माळ्यावर जरा ओल राहते, कितीही विस्तव केला तरी.

"पोरगी बरी आहे?"

"खुशीत असते. आईला काय ते 'फी' म्हणते. कुठून शिकली कुणास ठाऊक." त्याने रिकाम्या टोपल्या गाडीत टाकल्या. "बाई तेवढी थोडी बहिरी असावी. जुडिथ म्हणून हाक मारली की लगेच ओ देत नाही. एक श्वास थांबते."

जुडिथने गाठोडं खांद्यावर घेतलं. मग आत गेली, कारण कढई उकळत होती.

दुसऱ्या दिवशी घंटा झाली. ती आपल्या फरशीवर जाऊन उभी राहिली. फीबीचं नाव आलं तेव्हा ती एक श्वासही थांबली नाही. मोठ्याने, नीट ऐकू जाईल असं, तिने ओ दिली.